देव गप्प असताना सेवा चालू ठेवणं हे ढोंग आहे का?

अंगणवेल

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही झोप येत नाही म्हणून.

मी आमच्या चर्चच्या मंडळीत अकरा वर्षं संडे स्कूल घेते. सहा ते नऊ वयाची मुलं. शिवाय बुधवारी, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा वयस्कर सभासदांना भेटते, त्यांच्याबरोबर बायबलमधलं वचन वाचते, प्रार्थना करते. हे काम कोणी माझ्या गळ्यात घातलेलं नाही. मी मागून घेतलंय. त्या काळात प्रार्थनेला बसलं की समोर कोणी आहे हे मला स्वतःला पटवून द्यावं लागत नसे.

गेली दोन-अडीच वर्षं काहीच नाही. घरात कोणी गेलं नाही, मोठं आजारपण नाही, संकट नाही. एखादी घटना असती तर बोट तरी ठेवता आलं असतं. नळाची धार बारीक होत होत कधी थांबली ते कळू नये, तसं झालंय. वचन वाचते, अक्षरं दिसतात. गुडघे टेकते आणि माझाच आवाज मला ऐकू येतो. उठते, कामाला लागते.

मागच्या रविवारी मोशे आणि जळतं झुडूप हा पाठ होता, देव झुडपातून मोशेशी बोलतो तो. शनिवारी रात्री बसून पुठ्ठ्याची झुडपं कापली होती, ज्वाळांसाठी नारिंगी कागदाच्या पट्ट्या. मुलं चिकटवत बसली होती. सातेक वर्षांची एक मुलगी, दहाही बोटांना डिंक, मान वर न करता म्हणाली, "ताई, देव तुमच्याशी बोलतो?"

मी म्हटलं, "हो."

"काय बोलला?"

मी म्हटलं, "आधी ज्वाळा नीट चिकटव."

तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटतेय. त्या पोरीने खरं विचारलं होतं. मी सवयीने उत्तर दिलं, आणि पुढच्या प्रश्नाला पळ काढला. बुधवारी एका आजींच्या उशाशी बसून "प्रभू तुमच्याजवळ आहे" म्हणताना तोच "हो" डोक्यात वाजत होता.

माझा प्रश्न सरळ आहे. जे मला स्वतःला जाणवत नाही ते दुसऱ्याला देत राहणं हे ढोंग आहे का? राजीनामा देऊन एखाद्या भरलेल्या माणसाला जागा करून द्यावी का? कृपा करून "धीर धरा, सगळं ठीक होईल" असं लिहू नका. ते मी स्वतःच लोकांना सांगते.


तेलवात

ताई, धागा वाचला आणि पहिलं आठवलं ते १ शमुवेल, तिसरा अध्याय. आपण ही गोष्ट मुलांना "बोल, तुझा दास ऐकत आहे" इथे नेऊन संपवतो, पण तिची सुरुवात तुमच्या प्रश्नाची आहे. त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं असं तिथे पहिल्याच वचनात म्हटलंय. म्हणजे गप्पपणा एका माणसाच्या मनातला नव्हता, अख्ख्या काळाचा होता. आणि त्या काळात एक मुलगा मंदिरात सेवा करतोय. पुढे सातव्या वचनात आणखी स्पष्ट आहे: शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती.

हे वाक्य मी किती वर्षं वाचून पुढे जायचो. ज्याला देवाचा आवाज कसा असतो हेच ठाऊक नाही, तो देवाच्या घरात काम करतोय, आणि पवित्र शास्त्र त्याला ढोंगी म्हणत नाही. सेवाच म्हणतं. आवाज आला तेव्हाही त्याला वाटलं म्हातारा याजक एली हाक मारतोय. तीन वेळा उठून म्हाताऱ्याकडे धावत गेला. ज्याला उठून धावायची सवय होती त्यालाच चौथ्या वेळी ऐकू आलं, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, वचनात तसं लिहिलेलं नाही.

आणखी एक. आवाज ऐकल्यानंतर तो पडून राहिला, आणि सकाळी उठून त्याने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. एवढी रात्र उलटल्यावर पहिलं काम ते. बहुधा आदल्या सकाळीही तेच केलं असणार.

तुम्ही शनिवारी रात्री पुठ्ठा कापता, ते मला त्या दारांसारखं वाटतं. त्या मुलीला दिलेल्या उत्तराबद्दल मात्र तुमची टोचणी मला खोटी वाटत नाही. त्यावर विचार करून पुन्हा लिहितो.


ओंजळ

ताई, आत्ता एवढंच लिहिते. माझंही असंच चाललंय, चार वर्षं. मी उपासनेत पेटी वाजवते. कोणाला सांगितलेलं नाही. धागा काढलात त्याबद्दल मनापासून आभार.


साधा माणूस

कटू वाटेल, पण लिहितो. यशया ५९:२ स्पष्ट सांगतं की तुमच्या अधर्माने तुमच्यात आणि देवात पडदा आला आहे. देव बदलत नाही. तो बोलत नसेल तर आपल्यात काय अडलंय ते शोधावं. एखादं न कबूल केलेलं पाप, कोणाला क्षमा न करणं. आत्मपरीक्षण करा, उपास करा. ताईंना दुखवायचा हेतू नाही.


पैलतीर

साधा माणूस, तुमचं वचन खरं आहे आणि आत्मपरीक्षणाला माझा विरोध नाही. पण ताईंनी अडीच वर्षं ते केलं नसेल असं तुम्हाला का वाटलं?

पवित्र शास्त्रातला ईयोब काही दोष नसताना दुःखात बुडाला, तेव्हा त्याचे मित्र हेच म्हणत होते, आणि तेही वचनासारखीच वाक्यं बोलत होते. ते आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या सगळ्या भेटीतला तेवढाच भाग चांगला होता. मग तोंड उघडलं आणि पानंच्या पानं त्याला पाप शोधायला लावलं. देव बोलला तो थेट ३८ व्या अध्यायात, आणि शेवटी म्हणाला काय? माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर किती ओरडला होता, भांडला होता. तरी देवाने त्यालाच खरा ठरवलं.

पाप असेल तर आत्मा त्या पापाचं नाव घेऊन दाखवतो, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. कुठेच बोट न ठेवता नुसतं "तुझ्यात काहीतरी चुकलंय" असं मनाला खात राहतं, त्या आवाजाला मी देवाचा म्हणत नाही.


कडेचा बाक

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. तेलवात यांचं शमुवेलाचं उदाहरण सुंदर आहे, पण शमुवेल पोरसवदा होता. अकरा वर्षं राबलेल्या माणसासाठी मला संदेष्टा एलीया जवळचा वाटतो.

१ राजे, १९ वा अध्याय. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आग उतरून फार दिवस झालेले नाहीत. ईजबेल राणीचा जिवे मारण्याच्या धमकीचा निरोप येतो आणि हा माणूस पळत सुटतो, रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्यावर देव काय करतो बघा. बोध नाही, दृष्टांत नाही, "तुझा विश्वास कुठे गेला" हा प्रश्नही नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा देवदूत येतो, पुन्हा खायला घालतो, कारण वाट तुला झेपणार नाही. मग चाळीस दिवस, चाळीस रात्री चाल. आणि मग होरेब डोंगरावर देवाची ती मंद, शांत वाणी. दोन झोपा आणि दोन जेवणं आधी, वाणी नंतर.

मी हे उशिरा शिकलो. एका रुग्णालयात रुग्णांना भेटून प्रार्थना करायची सेवा सहा वर्षं केली. शेवटची दोन वर्षं आत पूर्ण कोरडा होतो, पण थांबणं म्हणजे अविश्वास असं डोक्यात बसलेलं. एक दिवस एका म्हाताऱ्या रुग्णाने तिसऱ्यांदा तीच तक्रार सांगायला घेतली आणि मी त्याच्यावर खेकसलो. तो गप्प झाला. चादरीचा कोपरा बोटांनी मुडपत बसला. मी प्रार्थना न करताच निघालो. दुसऱ्या आठवड्यात माफी मागायला गेलो तर खाट रिकामी होती, घरी सोडलं की काय झालं ते विचारायचंही धाडस झालं नाही. ती चादर अजून डोळ्यांसमोर येते.

म्हणून ताई, "चालू ठेवा" हे उत्तर मी डोळे मिटून देणार नाही. तुम्ही दोन सेवा करता, शिवाय घर असेल, नोकरी असेल. शेवटची सुट्टी कधी घेतली? तुमच्यासाठी कोण प्रार्थना करतं? तुमच्या उशाशी कोण बसतं? देवाने एलीयाला पुढे काय दिलं, तर बाजूला सोबतीला अलीशा दिला, आणि "तू एकटा नाहीस, सात हजार विश्वासू लोक राखून ठेवलेत" हा हिशोब दिला. एक काम कमी करणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे.


रात्रपाळी

कडेचा बाक यांना पूर्ण अनुमोदन. मी परिचारिका आहे, त्यामुळे व्यवसायाच्या बाजूने थोडं.

ताईंनी पहिल्याच ओळीत लिहिलंय की झोप येत नाही. मला ते वाक्य सोडून पुढे जाता आलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, झोप किंवा भूक बिघडणं, सतत स्वतःला दोष देणं, यातलं बरंच काही एकत्र दिसत असेल तर डॉक्टरांना भेटावं. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइड कमी असणं, हिमोग्लोबिन किंवा बी १२ कमी असणं यानेही माणूस असाच विझल्यासारखा होतो, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं.

याचा अर्थ तुमचा प्रश्न आध्यात्मिक नाही असा नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. शरीराची बाजू तपासून घेतली की उरलेल्याशी नीट भिडता येतं, एवढंच. मनात जगणं नकोसं वाटण्यापर्यंत विचार जात असतील तर मात्र वाट पाहू नका, आजच कोणाला तरी सांगा.


अंगणवेल

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. रात्रपाळी, तुम्ही नेमकं पकडलंत. तसले विचार नाहीत, पण झोप महिनाभर बिघडलेली आहे. तपासणीची वेळ घेतली.

कडेचा बाक, तुमच्यासाठी कोण प्रार्थना करतं या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला रडू आलं, कारण नावच सुचेना. मीच कोणाला सांगितलं नाही. संडे स्कूलची ताई म्हणून सगळे माझ्याकडे प्रार्थनेची विनंती घेऊन येतात, आणि मी वहीत लिहून घेते. माझी स्वतःची विनंती त्या वहीत एकदाही नाही.

साधा माणूस, राग नाही. पण तुम्ही लिहिलंत तेच मी दोन वर्षं रोज स्वतःला म्हणतेय. त्या शोधाने मी देवाच्या जवळ गेले नाही, स्वतःभोवतीच फिरत राहिले.


मोरपीस

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली आहे, तरी लिहावंसं वाटलं. आमच्याकडे देव बोलत नाही म्हणून भक्ताने गप्प बसायचं असं नाही. तुकोबांच्या गाथेत देवाला जाब विचारणारे, रुसणारे, अगदी टाकून बोलणारे अभंग आहेत, आणि ते आम्ही भजनात मोठ्याने म्हणतो. वह्या इंद्रायणीत गेल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय नदीकाठी बसून राहिले, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. मला त्यातलं वह्या तरंगून वर आल्या यापेक्षा ते तेरा दिवस जास्त खरे वाटतात. उठून गेले नाहीत, आणि गोडही बोलले नाहीत. तुमच्याकडे असं भांडायची मुभा असते का?


पैलतीर

मोरपीस, असते, आणि आम्हीच ती विसरतो. स्तोत्रसंहितेत १३ वं स्तोत्र "किती वेळ" या प्रश्नाने उघडतं. आणि ८८ वं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं. त्याच्या मथळ्यात लिहिलंय की ते मुख्य गवयासाठी आहे. म्हणजे कोणाच्या खासगी वहीतलं नव्हतं, उपासनेत गायचं होतं. ओंजळ, तुम्ही पेटी वाजवता म्हणून मुद्दाम सांगतोय. ते गाणाऱ्यांपैकी कोणी त्या दिवशी मनाने अंधारात असेल, तर त्याला खोटं गावं लागत नव्हतं.

आता ढोंगाच्या मुद्द्याकडे. मदर तेरेसांचं उदाहरण बरेच जण देतात, पण अर्धवट. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना देवाकडून सेवेचं पाचारण झालं, त्यानंतर काही काळ देवाचं सान्निध्य अगदी दाट होतं. १९५० मध्ये त्यांची संस्था उभी राहिली, आणि त्याच सुमाराला आतला काळोख सुरू झाला. १९५८ मधले काही आठवडे सोडले तर तो जवळजवळ शेवटपर्यंत टिकला. १९९७ मध्ये त्या गेल्या, आणि दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची पत्रं छापली गेली तेव्हा जगाला कळलं. काही जण म्हणाले, बघा, सगळं नाटक होतं.

मला तसं वाटत नाही, आणि कारण साधं आहे. ही पत्रं त्यांनी लिहिली होती कोणाला? आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना. त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं नाही, पण कोणालाच सांगितलं नाही असंही नाही. ढोंगी माणूस आतलं कोणालाच दाखवत नाही. त्यामुळे अंगणवेल, माझ्या मते तुमचा धोका मुलांना शिकवण्यात नाही, त्या वहीत स्वतःचं नाव नसण्यात आहे.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये योहान ऑफ द क्रॉस नावाचे संन्यासी होऊन गेले. त्यांच्याच पंथाच्या लोकांनी त्यांना १५७७ च्या डिसेंबरमध्ये तोलेदोला कोंडून ठेवलं, पुढच्या ऑगस्टमध्ये ते निसटले. काळोखी रात्र हा शब्दप्रयोग त्यांचाच. हा कोरडेपणा देवाकडून आहे की आपल्या ढिलाईतून, हे ओळखायला त्यांनी तीन खुणा दिल्यात. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगाच्या गोष्टींतही वाटत नाही. पूर्वीसारखं मनन करू म्हटलं तरी जमत नाही. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: आपण देवाची सेवा करत नाही आहोत, मागे सरतोय, ही काळजी माणसाला सतत पोखरत असते. ढिल्या माणसाला ही काळजी नसते. तुम्ही रात्री जागून हा धागा काढलात. उदासीनतेच्या आजारातही यातलं काही दिसतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून रात्रपाळी यांचं म्हणणंही सोडू नका.


ओंजळ

८८ वं स्तोत्र आज मोठ्याने वाचलं. दार लावून. शेवटच्या शब्दावर थांबले आणि कितीतरी दिवसांनी प्रार्थना केल्यासारखं वाटलं.

एक विचारू? मला गप्पपणापेक्षा फळ न दिसणं जास्त छळतं. देव बोलला नाही तरी काम वाढताना दिसलं असतं तर मी तेच उत्तर समजले असते.


कडेचा बाक

ओंजळ, यावर मिशनरी विल्यम केरींचं नाव नेहमी घेतलं जातं. १७९३ मध्ये ते बंगालमध्ये उतरले, आणि पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, झाला १८०० च्या डिसेंबरमध्ये. सात वर्षं. पण ही गोष्ट सांगताना आपण एक व्यक्ती वगळतो, त्यांची पत्नी डॉरथी. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, आणि त्यानंतर डॉरथींचं मन कधी सावरलं नाही. १८०७ पर्यंत, मरेपर्यंत, त्या तशाच राहिल्या. सात वर्षं धीर धरला की फळ येतं असा धडा या घराण्याकडे बघून मला काढता येत नाही. फळ आलं. किंमतही गेली, आणि ती सगळी केरींनी भरली नाही.

मला पंडिता रमाबाईंचे शेवटचे महिने जास्त जवळचे वाटतात. मुलगी मनोरमा, जिच्या हाती पुढचं काम जायचं होतं, ती १९२१ मध्ये गेली. रमाबाईंचं पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम, ज्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अजून हातात होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते तडीस नेलं होतं. त्या महिन्यांत देव त्यांच्याशी बोलत होता की गप्प होता, हे आपण आपल्या सोयीने ठरवू नये. शब्दाला शब्द शोधत बसलेली एक आई मला दिसते, तेवढंच.


तेलवात

पुन्हा लिहीन म्हटलं होतं. त्या "हो" बद्दल.

आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात होती. देव गप्प असताना माणसं काय करतात याची दोन चित्रं पवित्र शास्त्रात आहेत, आणि आपण ती क्वचितच शेजारी ठेवून बघतो.

पहिलं इस्राएलचा राजा शौल याचं. गिलगालला सात दिवस थांबला, संदेष्टा झालेला शमुवेल येईना, लोक पांगायला लागले, तेव्हा शमुवेलाने करायचं होमार्पण त्याने स्वतःच केलं. होम उरकतोय तोच शमुवेल आला. पुढे आयुष्याच्या शेवटी तेच. स्वप्नांनी नाही, ऊरीम या याजकाच्या कौलाने नाही, संदेष्ट्यांकडून नाही, कुठूनच उत्तर येईना. मग ज्या भुताळ्यांना त्यानेच देशाबाहेर घालवलं होतं त्यांच्यातलीच एक शोधायला तो रात्री वेष पालटून एन-दोरला गेला. त्याला उत्तर हवंच होतं, कोणाचंही चालणार होतं.

दुसरं संदेष्टा यिर्मयाचं, त्याच्या पुस्तकाचा ४२ वा अध्याय. यरुशलेम बाबेलच्या हाती पडलंय, अधिकारी गदल्याचा खून झालाय, उरलेले लोक बाबेलच्या भीतीने थरथरतायत. ते यिर्मयाकडे येतात: देवाला विचार, आम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जावं का इथेच राहावं? तो म्हणतो, विचारतो, आणि जे सांगेल त्यातलं काही लपवणार नाही. आणि मग सातव्या वचनात एक छोटीशी नोंद आहे. दहा दिवसांनी वचन आलं.

दहा दिवस. घाबरलेले लोक दारात, आणि संदेष्ट्याकडे काहीच नाही. यिर्मयाला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही, इतकी वर्षं तो "बाबेलच्या अधीन व्हा, इथेच राहा" हेच सांगत आला होता. पहिल्याच संध्याकाळी तेच पुन्हा म्हणाला असता तर शब्दानेही चुकलं नसतं. तरी त्याने आपला अंदाज देवाच्या नावावर खपवला नाही. थांबला. आणि दहा दिवसांनी उत्तर आल्यावरही लोकांनी ऐकलं नाहीच, उलट त्यालाच ओढून मिसरात नेलं.

ताई, तुम्ही विचारलं होतं की न जाणवणारं दुसऱ्याला देणं ढोंग आहे का. मला वाटतं नाही. "प्रभू तुमच्याजवळ आहे" हे त्या आजींना तुम्ही दिलेलं वचन नाही, त्याचं आहे. तुम्हाला जाणवतंय की नाही यावर ते उभं नाही, तुम्ही फक्त वाचून दाखवताय. पण "तो माझ्याशी बोलला" हे तुमचं वाक्य आहे. ते दहा दिवसांच्या आत म्हणू नये. तुमची टोचणी नेमकी तिथे होती, आणि ती टोचणी अजून शाबूत आहे याचा मला आनंद आहे.

अजून एक, तुमच्याच पाठातलं. प्रेषितांची कृत्ये, ७ व्या अध्यायाप्रमाणे मोशे मिद्यान देशात चाळीस वर्षं होता, मग झुडूप पेटलं. त्या चाळीस वर्षांत देव त्याच्याशी बोलल्याची नोंद नाही. मेंढरं राखत होता. तीही सासऱ्याची.


साधा माणूस

तेलवात, यिर्मयाचं वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. ताईंच्या बाबतीत देव का गप्प आहे हे मला ठाऊक नव्हतं, तरी मी ठाऊक असल्यासारखं लिहिलं. अंगणवेल ताई, क्षमा करा.


अंगणवेल

दोन आठवड्यांनी परत आले. क्षमेचं काही नाही हो, साधा माणूस. खरंच.

झालं ते सांगते. रक्ताचा अहवाल आला, थायरॉइडची गोळी सुरू झालीय. झोप थोडी सुधारली. आत अजून तसंच आहे, हेही लिहून ठेवते, नाहीतर वाटेल की गोळीने सगळं उत्तर दिलं.

पाळकांना भेटले. राजीनामा द्यायला गेले नव्हते, फक्त सांगायला गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलाही एकदा तीन वर्षं." एवढंच. कोणतं वर्ष, काय झालं, मी विचारलं नाही. बुधवारच्या भेटी सहा महिने दुसऱ्या दोघी बघणार आहेत. त्यातली एक दर शुक्रवारी मला फोन करते आणि फोनवरच माझ्यासाठी प्रार्थना करते. मला अवघडल्यासारखं होतं, पण मी फोन उचलते. वहीत माझं नाव लिहिलंय. आजींकडे मात्र मी अधूनमधून जाते, सेवा म्हणून नाही, आठवण येते म्हणून.

संडे स्कूल ठेवलंय. मागच्या रविवारी शमुवेलाचा पाठ घेतला, पहिल्या वचनापासून. मुलांना सांगितलं की देव खूप दिवस कोणाशी फारसा बोलत नव्हता, आणि तरी शमुवेल रोज दारं उघडायचा. पुठ्ठ्याची उघडणारी दारं करायला दिली होती. मग त्या मुलीशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "तू मला विचारलं होतंस ना, देव माझ्याशी बोलतो का? मी हो म्हटलं होतं. ते बरोबर नव्हतं. पूर्वी मला कळायचं. आता बरेच दिवस मला काही ऐकू येत नाही."

मला वाटलं ती घाबरेल. घरी जाऊन सांगेल.

ती दाराची घडी नखाने दाबत होती. म्हणाली, "माझ्याशी पण नाही बोलत." मग थोड्या वेळाने, "तरी तुम्ही येता?"

"येते."

तिने मान डोलावली आणि डिंक मागितला. तिच्या दाराचं एक पान उलटं चिकटलं होतं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. ते सोडवून सरळ करण्यात आमचा उरलेला तास गेला.